‘इतर’चा रकाना

निळ्या पुठ्ठ्याचं एक लाँगबुक माझ्या स्कूटरच्या डिकीत कायम असतं. पाण्यानं फुगून त्याची जाडी दुप्पट झालीये आणि उघडलं की अजून मासळीचा वास येतो, म्हणून त्याला घरात मज्जाव आहे. घरात आम्ही मासे खात नाही. ‘खात नाहीस आणि मोजत हिंडतेस,’ हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांसमोर तर हमखास.

पुण्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. स्लाइड पुसायच्या, फॉर्मॅलिनच्या बरण्या बदलायच्या, मुलांची प्रॅक्टिकलं लावून द्यायची. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एम.एस्सी.ची एक मुलगी पानशेतच्या बॅकवॉटरमधल्या माशांवर प्रकल्प करत होती. बाटल्या सांभाळायला म्हणून तिच्यासोबत गेले. प्रकल्प संपला, मुलगी नोकरीला लागली. वही माझ्याकडं राहिली. आणि मामाही.

मामा म्हणजे ज्यांच्या होडीतून आम्ही जायचो ते. सत्तरीला टेकलेत. पानशेतचं पाणी लहानपणापासून बघितलेलं. पुणेकराला पानशेत म्हटलं की धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ आठवतो. मामांना विचारलं तर ते कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी कुठला मासा लागतो ते सांगायला सुरुवात करतात. मी त्यांना मामा म्हणते, ते मला ताई म्हणतात. आमच्या वयात फार अंतर नाही, पण जमून गेलं.

काम तसं सोपं आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तीन जागी, ठरलेली जाळी संध्याकाळी टाकायची आणि पहाटे उचलायची. जाळ्यांचे आस, म्हणजे भोकांची मापं, वेगवेगळे हवेत. एकाच आसाचं जाळं टाकलं तर एकाच मापाचे मासे अडकतात. बारके निसटतात, मोठे डोकंच घालत नाहीत, आणि आपल्याला वाटतं की धरणात सगळे मासे वीतभरच आहेत. मग आकडा लिहिताना नुसतं ‘चाळीस मासे’ लिहून चालत नाही. किती जाळी होती, किती तास पाण्यात होती, ते सोबत हवं. एका जाळ्याला एका रात्रीत किती, एवढाच आकडा मागच्या महिन्याशी ताडून बघता येतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा उगाच वाटलं, अरे, हे तर घरखर्चाच्या वहीसारखं झालं. नुसते दोनशे रुपये गेले म्हणून भागत नाही, किती माणसं जेवली तेही लिहायला लागतं.

पहाटे होडी काठाला लागली की माझी पाटी निघते. जुन्या पोळपाटाला स्टीलची पट्टी ठोकून मामांच्या नातवानं ती करून दिलीये. एका टोकाला आडवी फळी, तिला माशाचं तोंड टेकवायचं, अंग सरळ करायचं आणि शेपटीच्या बेचक्यापर्यंतचं माप वाचायचं. शेपटीच्या टोकापर्यंत नाही, कारण जाळ्यात शेपट्या फाटतात. मासा उसळतो, पाटीवरचं पाणी चष्म्यावर येतं. मी ओरडून माप सांगते आणि नातू लिहितो. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आता माझ्या चुकीकडं येते.

वहीत पहिल्या दोन वर्षांत पाच रकाने होते. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, इतर. बाजारात ज्यांना भाव, त्यांना रकाना. त्या मुलीच्या प्रकल्पाला तेवढंच पुरेसं होतं, आणि ती गेल्यावरही मी तसेच रकाने आखत राहिले, कारण आखायची सवय झाली होती. दुसरं वर्ष संपताना एका रविवारी बसून बेरजा मारल्या, तर ‘इतर’ महिन्यागणिक फुगत चाललेलं. जून-जुलैत तर अर्ध्याहून जास्त वही ‘इतर’च. मला आनंद झाला! म्हटलं स्थानिक मासे वाढतायत. उत्साहानं मामांना सांगितलं.

मामांनी वही हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, ‘ह्या इतरमधी कोन कोन हाय?’

मी म्हटलं, बाकीचे सगळे. शिंगटी, कोळशी, वाम, मरळ, आंबळी, चिलापी.

‘म्हंजी चिलापी आन् कोळशी एकाच घरात? आख्खी नदी तुमी एका घरात कोंबली की, ताई.’

चिलापी म्हणजे तिलापिया. आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ साली आणला. आता राज्यातल्या बहुतेक धरणांत तो आहे, उजनीत तर त्याच्यावर बाजार चालतात. माझ्या ‘इतर’मध्ये तो वाढत होता की कोळशी वाढत होती, की कोळशी घटत होती आणि चिलापीनं ती घट झाकून टाकली होती, ह्याचं उत्तर त्या दोन वर्षांच्या वहीतून आता कधीच निघणार नाही. चोवीस पहाटा उठले, त्यातल्या अर्ध्या थंडीत, आणि नेमकी जी गोष्ट विचारायला हवी होती तीच पुसून ठेवली. त्या रात्री झोप लागली नाही, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

ह्या चुकीनंतर मला सायक्स आठवला. कॉलेजात त्याचं नाव बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर रोज बघत होते. माशाच्या नावामागं ‘सायक्स, १८३९’ असं लिहिलेलं असायचं. विल्यम सायक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८२४ साली त्याला मुंबई इलाख्याची सांख्यिकी माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. ह्या कामात दख्खन पालथं घालताना त्यानं पक्षी टिपले, फळं टिपली आणि भीमा, मुळा, मुठा, इंद्रायणीतले मासेही टिपले. आणि लॅटिन नावं देताना गड्यानं काय केलं? इथल्या लोकांनी सांगितलेलीच नावं पुढं जोडली. ओढ्यातल्या दगडाला चिकटून राहणारा आपला मळ्या, तो झाला ‘मुल्या’. शिंगटीची ‘सींगटी’. घोगऱ्याचा ‘गोग्रा’. मुऱ्याचा ‘मूरे’. कोळशीचा ‘कोलुस’. नाकाडावर खोल खाच असलेला नकटा, तो ‘नुक्टा’. आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महाशीर, तो ‘खुद्री’. जगभरच्या संग्रहालयांत आज ही नावं मराठी उच्चार मोडून का होईना, पण चालतात.

तो परका साहेब, दोनशे वर्षांपूर्वी, भाषा धड येत नसताना प्रत्येक माशाला वेगळं नाव विचारत हिंडला. मी धायरीची, घरची भाषा तीच, आणि ‘इतर’ लिहून मोकळी. तो साहेब पुढं कंपनीचा मोठा अधिकारी झाला, त्याचं कौतुक करायचं मला काही कारण नाही. पण रकान्यांच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा शहाणा होता, हे कबूल.

तिसऱ्या वर्षी मी सोळा रकाने आखले. नावं मामांनी सांगितली, त्याच क्रमानं लिहिली.

दोन-तीन महिन्यांतच चित्र दिसायला लागलं. फार पुढचं बोलत नाही, चार वर्षांच्या वहीवरून कुणी ठाम निष्कर्ष काढू नयेत. पण उन्हाळ्यात जे जाळ्यात येतं त्यात चिलापी ढळढळीत पुढं आणि पात्राच्या वाहत्या पाण्यातले मासे फक्त वरच्या टोकाला, जिथं आंबी नदीचं पाणी अजून खळखळतं तिथं, एवढं तर डोळ्यांनाही दिसतं.

ह्याचं कारण समजायला पाण्याची पातळी बघायला लागते. पुण्यात मार्चपासून रोज पेपरात चार धरणांचा साठा येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी क्षमता. त्यातलं पानशेत सुमारे साडेदहा. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. रिक्षावालासुद्धा टीएमसीत बोलतो. पण पातळी खाली जाते म्हणजे काय होतं, हे काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फेब्रुवारीत जिथं पाण्यात गुडघाभर उभी होते तिथं मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो, आणि पाणी खाली दूर कुठंतरी चकाकतं. माशाचं घर काठाशी असतं. पाणवनस्पती, बुडालेली झुडपं, दगडांच्या कपारी हे सगळं उथळ पाण्यात. काठ दर महिन्याला खाली सरकत गेला तर वनस्पतीला मूळ धरायला वेळच मिळत नाही, आणि काठाला चिकटवलेली अंडी उघडी पडून वाळतात. चिलापीची मादी मात्र अंडी तोंडात धरते. पिल्लं बाहेर पडून हिंडायला लागेपर्यंत ती तोंडात घेऊनच फिरते. पाणी हललं की तीही हलते. काठ कोरडा पडला तर तिचं काही बिघडत नाही. कटला-रोहूची गोष्ट आणखी वेगळी. ते गंगेच्या खोऱ्यातले म्हणून ओळखले जाणारे मासे, त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात ते वाढतात छान, पण त्यांची वीण नीट होत नाही, म्हणून दरवर्षी नवं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, सोडायला लागतं.

आणि गंमत बघा, मे महिन्याच्या शेवटी सगळे मासे जिथं दाटीवाटीनं गोळा होतात, त्या तळाच्या पाण्याला आपल्या सरकारी भाषेत ‘मृतसाठा’ म्हणतात.

बीज सोडण्याचा एक कार्यक्रम मी जवळून पाहिला. पानशेतला नव्हे, दुसऱ्या एका तलावावर. कुणी केला ते राहू दे. दुपारी बाराचं ऊन, मांडव, हार, ध्वनिक्षेपक. टेम्पोतून ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उतरल्या. आत बारीक बारीक पिल्लं, बोटुकली म्हणावी तर बोटाच्या पेराएवढीही नाहीत. खरं तर अशी पिशवी आधी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्यायची असते, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी एका तापमानाला येतं. मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं, आणि पिल्लं आपणहून बाहेर जातील तसं जाऊ द्यायचं. शक्यतो पहाटे किंवा संध्याकाळी. तिथं पाहुण्यांची गाडी निघायची होती. पिशव्या फाडल्या, कॅमेऱ्याकडं बघून ओतल्या, टाळ्या. पाच मिनिटांत काठावरच पांढरी पोटं वर आली. एक खंड्या समोरच्या काठीवर बसून हे सगळं बघत होता, त्याचा दिवस सोन्याचा.

आम्हा प्राणिशास्त्रवाल्यांना १० जुलै हा दिवस पाठ असतो. १९५७ साली ह्या दिवशी हिरालाल चौधरींनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्पकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. त्याआधी बीज नद्यांमधून गाळून आणायला लागायचं. आज देशभर जे मत्स्यबीज मिळतं ते त्या कामामुळं. एवढी मोठी विद्या हाताशी आल्यावर शेवटची पंधरा मिनिटं पिशवी पाण्यावर तरंगू द्यायला आपल्याला जड जावं, ह्याचा मला राग येतो. आणि मोठ्या जलाशयात निदान हाताच्या बोटाएवढी, शंभर मिलिमीटरच्या आसपासची बोटुकली सोडावीत, नाहीतर ती दुसऱ्या माशांचा खाऊ होतात, हे काही गुपित नाही. पण कार्यक्रमपत्रिकेत ‘सोडले किती’ असतं. ‘जगले किती’ ह्याला रकाना नाही. पुन्हा रकानाच.

माझा आवडता भाग म्हणजे ऑक्सिजन मोजणं. आता मीटर मिळतात, पण मी अजून जुन्या विंकलरच्या पद्धतीनं करते, कारण तिथं उत्तर रंगात दिसतं. खोलवरचं पाणी काढायला काचेच्या बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीला गेली की बुचाला हिसका. वर आली की बुडबुडा राहणार नाही अशी दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यायची आणि लगेच दोन द्रावणं सोडायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड. झाकण लावून बाटली उलटीसुलटी केली की आत साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर तपकिरी, गुळाच्या काकवीसारखा. नसेल तर पांढरा, ताकाच्या साक्यासारखा. मामांना मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा वरच्या पाण्याची बाटली काकवी आणि मे महिन्यातल्या तळाच्या पाण्याची फिकट, चहात दूध जास्त झाल्यासारखी. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं. खाली हवा पोचत नाही. मामांनी दोन्ही बाटल्या उन्हात धरून बघितल्या आणि म्हणाले, ‘म्हनून मे म्हयन्यात खोल जाळं टाकलं तर रिकामं येतं व्हय.’ त्यांना हे चाळीस वर्षं माहीत होतं. रंग आज दिसला.

मग आम्ही घर बांधायच्या उद्योगाला लागलो. कल्पना जुनीच आहे, बऱ्याच देशांत करतात. फांद्यांचे भारे बांधून पाण्यात बुडवायचे. फांद्यांवर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे येतात, आडोसा मिळतो, पिल्लं लपतात. मला वाटलं होतं घाणेरीच्या फांद्या वापराव्यात, डोंगरभर माजलीये, तेवढीच कमी होईल. मामा म्हणाले करवंदीच्या घ्या. का, तर करवंदीला काटे, आणि काट्यांत कुणी जाळं टाकत नाही.

ह्या एका वाक्यानं माझी मोठी अडचण सोडवली. कारण अशा भाऱ्यांबद्दल जाणकारांत जुना वाद आहे. भाऱ्यांमुळं मासे वाढतात, की इकडंतिकडं विखुरलेले मासे एका जागी गोळा होतात, एवढंच? नुसते गोळा होत असतील तर आपण माशांसाठी घर बांधलं नाही, पकडणाऱ्यांसाठी पिंजरा बांधला. करवंदीच्या काट्यांनी निदान पिंजरा होऊ दिला नाही. दोरी काथ्याची घेतली, नायलॉनची नाही. जिथं मे महिन्यातही पुरुषभर पाणी राहतं अशी खाडी निवडली, आणि शेजारची तशीच एक खाडी मुद्दाम रिकामी ठेवली. रिकामी खाडी नसती तर पुन्हा ‘इतर’चीच गत. कशाशी ताडणार?

आतापर्यंत भाऱ्यांच्या खाडीत बारकी पिल्लं जास्त दिसतात, त्यात कोळशीची आणि आंबळीचीही. सगळ्या धरणात मासे वाढले का, तर ते एवढ्यावरून सांगता येत नाही. खालच्या काठावर राहणाऱ्या एका शेतकऱ्यानं मात्र त्याच्या शेततळ्यातही करवंद टाकली, असं ऐकलं.

सुधारणा हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो, आणि त्याला कारण आपल्याच लोणावळ्याचं आहे. तिथं वळवण धरणाशी टाटांचं महाशीर बीज केंद्र आहे, १९७०च्या दशकापासूनचं. सायक्सच्या खुद्रीची वीण तिथं लावली, लाखो पिल्लं वाढवली आणि ती देशभर वाटली. हा मासा आधी संकटग्रस्तांच्या यादीत होता, आता आययूसीएन ह्या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याला तिथून उतरवलंय. काम मोठं आहे, वादच नाही. पण ह्याच माशाची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, माणसाएवढा वाढणारा. आपला खुद्री तिथं जोमानं वाढला आणि कुबड्याची संख्या घसरत गेली. आणि तोवर कुबड्याला नक्की शास्त्रीय नावच नव्हतं! इतकी वर्षं लोक गळाला लावून फोटो काढत होते, पण यादीत तो कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. २०१८ साली त्याचं नाव पक्कं झालं आणि मगच त्याला अतिसंकटग्रस्त म्हणता आलं. मुळा-मुठेतला एक मासा कावेरीत पाहुणा म्हणून गेला आणि यजमान घराबाहेर, असं काहीसं. हे मामांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्याचा काय दोष, त्याला कुनी नेला?’

ह्या जूनला पहिला पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटेच निघाले. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसांच्या गाड्या अजून झाकलेल्या होत्या, रस्ता मोकळा. वरच्या ओढ्याला लाल पाणी आलं होतं आणि चढणीचे मासे निघाले होते. हे दिवस पकडायचे नसतात, पोटात अंडी असतात. मामांच्या वाडीत अजून काही जण पाळत नाहीत. मामा पाळतात, पण बघायला जातात. आम्ही दोघं आणि नातू, ओढ्याच्या दगडावर बसून. एका उथळ डबक्यात नातवानं ओंजळीत एक धरला. करंगळीएवढा. अंगावर आडवे काळपट पट्टे आणि शेपटीच्या बुंध्याशी तांबूस ठिपका.

‘मुऱ्या,’ नातू म्हणाला.

मामांनी त्याची ओंजळ उजेडाकडं वळवली. ‘मुऱ्याच. पर असला नव्हता बगितला.’

फोटो काढला, पाटीवर माप घेतलं, सोडून दिला. फोटो त्या एम.एस्सी.च्या मुलीला पाठवलाय. ती हल्ली परगावी असते, अजून तिचा निरोप नाही. वहीत मुऱ्याच्या रकान्यात लिहावं की नाही, ठरेना. सोळा रकान्यांच्या शेवटी मी एक सतरावा मोकळा ठेवलेला आहे, वर काहीच लिहिलेलं नाही. तिथं नातवाकडून पेन्सिलीनं लिहून घेतलंय: ‘मुऱ्या? शेपटीला तांबडा ठिपका. १. सोडला.’